उलट्या कोंबडीची वही

मी एक वही बोलतेय. वहीला तोंड कुठून फुटलं असं विचारत बसाल, तर वाद घालायला मला सवड नाही. माझी तीनच पानं कोरी उरली आहेत आणि सांगायचं बरंच आहे. माझ्या मुखपृष्ठावर एक कोंबडी आहे, तीही उलटी, पाय वर केलेली. नवीन माणूस मला हातात घेतो आणि आधी फिरवतो. मग कोंबडी सरळ होते आणि आतलं सगळं लिखाण उलटं. मग तो ओशाळून मला पुन्हा फिरवतो. माझं निम्मं आयुष्य असं गरगर फिरण्यात गेलं आहे.

माझा जन्म पुस्तकं बांधण्याच्या एका कारखान्यात झाला. लांबट खोली, एका बाजूला खिडक्या, दुसऱ्या बाजूला छापून आलेल्या कागदांच्या थप्प्या, मधे चार मोठी टेबलं. कोपऱ्यात घड्या घालायचं मशीन आहे, ते सुरू झालं की खिडक्यांच्या काचा थरथरतात. दारापाशी कटिंग मशीन. चाक फिरवून थप्पी दाबायची, दांडा ओढायचा, की हातभर लांबीचं पातं खाली येतं आणि पाचशे पानं एका झटक्यात कापतं. इथे रोज शेकडो पुस्तकं तयार होतात आणि खोक्यांत बसून निघून जातात. मी मात्र इथेच राहिले, कारण मला कुणी विकायला बनवलंच नव्हतं.

झालं असं, की ताई आणि भोंगा यांचं गाण्यावरून जुंपलं. भोंगा म्हणजे घड्यांच्या मशीनवरचा माणूस. चाळिशी उलटलेली, पोट सुटलेलं, आणि आवाज असा की तो कुजबुजला तरी रस्त्यावर ऐकू जावं. ताई शिलाईवर बसते. दुमडलेल्या पानांचे गठ्ठे दोऱ्याने एकमेकांना शिवणं हे तिचं काम. जेवणाच्या सुट्टीत स्पीकरवर कुणाचं गाणं लागणार, यावरून दोघं रोज भांडायची. भोंग्याला दणकट हवं, ताईला हळुवार. शेवटी मालकीणबाई ऑफिसातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, मिटवा तुमचं, नाहीतर स्पीकर माझ्या कपाटात जाईल.

त्याच दुपारी ताईने मला शिवलं. कागद निरनिराळ्या पुस्तकांचे उरलेले. थोडे पिवळट, थोडे पांढरेशुभ्र, आणि मधेच सोळा पानं अशी गुळगुळीत, की त्यांच्यावर शाई वाळता वाळत नाही. पुठ्ठा कोंबड्या पाळायच्या एका पुस्तकाचा, ठसा उलटा बसला म्हणून बाद झालेला. माझ्या कडा कापल्या काकांनी. काका कटिंग मशीनवर एकतीस वर्षं होते, मालकीणबाई फ्रॉक घालून वडिलांच्या मागे मागे इथे यायच्या तेव्हापासून. त्यांनी कापलेली कड बोटाला टोचत नाही असं सगळे म्हणायचे. मला विचाराल तर खरं आहे.

ताईने माझ्या पहिल्या पानावर तीन नियम लिहिले. एक, ह्या आठवड्यात जे नवीन ऐकलं तेच लिहायचं, जुनी आवड चालणार नाही. दोन, ते कुठे सापडलं, कुणाकडून कळलं, तेही लिहायचं. तीन, दुसऱ्याचं गाणं आवडलं नाही तरी शेवटपर्यंत ऐकायचं आणि तोंड वाकडं करायचं नाही. दर शनिवारी शेवटचा अर्धा तास मशिनं बंद. सगळे कागदाच्या गठ्ठ्यांवर बसणार आणि आठवडाभरात लिहिलेली गाणी लागणार. मला दोरी बांधून कटिंग मशीनशेजारच्या खिळ्याला अडकवलं. ‘कोंबडीत लिहिलंस का?’ असं जो तो दुसऱ्याला विचारू लागला.

मी काय काय पोटात घातलंय म्हणून सांगू! भोंग्याने एक गाणं न्हाव्याच्या दुकानात ऐकलं. नाव विचारेपर्यंत ते संपलं, म्हणून चार दिवसांनी गरज नसताना पुन्हा केस कापून घेतले. त्या आठवड्याची त्याची नोंद ‘भारी आहे’ एवढीच आहे, डोकं मात्र आठवडाभर गुळगुळीत होतं. ताईला एक धून लिफ्टमध्ये सापडली. ती पूर्ण ऐकायला ती तीन वेळा वर गेली आणि तीन वेळा खाली आली. मालकीणबाई पेन्सिलने लिहायच्या, बारीक अक्षरात, हवं तर खोडता यावं म्हणून. त्यांची पहिली नोंद वाचताना भोंग्याने तोंड वाकडं केलं आणि ताईने त्याला नियम क्रमांक तीन बोटाने दाखवला.

सगळ्यांत चांगलं लिहायचे काका. ते पहाटे उठून रेडिओचं बटण फिरवत बसायचे, आणि काही सापडलं की त्याला फोन टेकवून रेकॉर्ड करून आणायचे. त्यांची एक नोंद मला पाठ आहे. ‘लांबचं केंद्र, भाषा कळत नाही. बाई गाताना मधेच हसते आणि पुन्हा गाते. का हसली असेल याचा दोन दिवस विचार करतोय.’ त्या शनिवारी ते गाणं सगळ्यांनी तीनदा ऐकलं. मालकीणबाई म्हणाल्या, तिला समोर कुणीतरी ओळखीचं दिसलं असणार. भोंगा म्हणाला, शब्द विसरली. पाऊण तास वाद चालला आणि घरी जायला सगळ्यांना उशीर झाला.

अशी चार वर्षं बरी गेली. मग काकांच्या नोंदी आखूड होऊ लागल्या. ‘जुन्या वळणाचं. छान.’ ‘संथ आहे. आवडलं.’ कुठे सापडलं ते नसायचंच. लिहिण्याआधी ते पेन माझ्यावर टेकवून बराच वेळ थांबायचे, आणि त्या जागी शाईचा ठिपका मोठा होत जायचा. मग एका सोमवारी, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, त्यांनी माझी मागची पानं उलटली. दोन वर्षांपूर्वीची ताईची एक नोंद काढली आणि शब्द थोडे इकडेतिकडे करून स्वतःची म्हणून उतरवली. मला फार वाईट वाटलं. मागची पानं दुसरं कुणी उलटत नाही, त्यामुळे ही चोरी मला एकटीलाच ठाऊक होती, आणि तेव्हा मला तोंड फुटलेलं नव्हतं.

कटिंग मशीनची एक पद्धत आहे. काका पुढे उभे असतात आणि मागच्या बाजूला कुणीतरी कातरण, म्हणजे कापून पडलेल्या पट्ट्या, गोळा करत असतं. दांडा ओढण्याआधी काका ‘पातं’ म्हणणार, मागचा ‘मोकळं’ म्हणणार, मग पातं खाली येणार. एका बुधवारी मागे ताई होती. काका ‘पातं’ म्हणाले. ताई खाली वाकलेली होती, हात अजून आत होता. ती ‘थांबा’ म्हणाली. काकांनी दांडा ओढला.

ताईने हात कसा काढला तिचं तिलाच माहीत. बाहीचं टोक कापलं गेलं, बाकी काही झालं नाही. काकांनी पुढे अर्धा तास दांड्याला हात लावला नाही. ताईच उलट त्यांची समजूत घालत होती की घड्यांचं मशीन चालू होतं, मीच हळू बोलले. मी शेजारच्या खिळ्यावरच होते. ती मुळीच हळू बोलली नव्हती.

त्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी भोंग्याचं गाणं होतं. त्याने स्पीकर टेबलावर ठेवला, फोनवर बटण दाबलं आणि काकांनी नेहमीप्रमाणे डोळे मिटले. स्पीकर वाजेना. चार्जिंग संपलं होतं. भोंगा फोन उलटासुलटा करत बसला, मालकीणबाई वायर शोधायला उठल्या, ताई कागदाच्या गठ्ठ्यावरून समोर बघत होती. काका गुडघ्यावर बोटांनी ठेका धरून डोलत होते. दोन-तीन मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, “छान आहे. मधली बासरी फार गोड.”

भोंग्याला हसू फुटत होतं. ताईच्या चेहऱ्याकडे बघून ते जिरलं. मालकीणबाई आतल्या खोलीत होत्या, त्यांना काही कळलं नाही. ताई काकांकडे तोंड करून, ओठ नीट हलवत म्हणाली, “हो काका, बासरी गोड आहे.” भोंग्याच्या त्या गाण्यात बासरी नव्हतीच. घरी जाताना ताई दारात थांबून आपल्या बाहीच्या टोकाकडे बघत होती. तिने तिथे नवी पट्टी शिवली होती.

सोमवारी ती सगळ्यांच्या आधी आली. मला खिळ्यावरून काढलं आणि त्या आठवड्याच्या कोऱ्या पानावर गाण्याच्या जागी एकच ओळ लिहिली. ‘काका, शनिवारी स्पीकर बंद होता.’ खाली नाव घातलं नाही, पण तिचं अक्षर कुणालाही ओळखू येतं.

काकांनी ते वाचलं आणि मला डब्याच्या पिशवीत टाकलं. पहिल्यांदाच मी कारखान्याबाहेर पडले, तीही भाजीच्या डब्याला टेकून. त्यांच्या स्वयंपाकघरात छोटं टेबल होतं, त्यावर रेडिओ होता आणि रेडिओवर दुमडलेला टॉवेल. संध्याकाळी काका मला पहिल्या पानापासून वाचत बसले. काकूंनी भाजी चिरता चिरता दोनदा काहीतरी विचारलं, मग उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तोंडासमोर येऊन विचारलं. घरात हे सवयीचं झालेलं दिसत होतं. काकूंना सगळं माहीत होतं आणि कारखान्यात त्या शनिवारपर्यंत कुणालाच काही माहीत नव्हतं.

जेवण झाल्यावर त्यांनी ताईच्या ओळीखाली लिहिलं. ‘दीड वर्ष झालं. आधी बारीक आवाज गेले, मग गाणी गेली. ओठ बघून बोलणं कळतं. तू वाकलेली होतीस, ओठ दिसले नाहीत. मोकळं म्हणालीस असं मी धरून चाललो. तुझा हात गेला असता. बाईंना मीच सांगतो. इतके दिवस सांगितलं नाही कारण मशीन जाईल याची भीती होती, आणि शनिवारचा अर्धा तास जाईल याची त्याहून जास्त.’ पुढे काहीतरी लिहून त्यांनी खोडलं आहे. ते काय होतं हे मला माहीत आहे, पण खोडलेलं सांगायचं नसतं.

मालकीणबाई चिडल्या, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ऑफिसचं दार उघडंच होतं. “थांबा म्हटलेलं ऐकू येत नाही आणि तुम्ही पातं चालवता?” असं त्या दोनदा म्हणाल्या, दुसऱ्यांदा हळू.  बाहेर येऊन त्यांनी कटिंग मशीन भोंग्याकडे दिलं आणि काकांना खिडकीजवळच्या टेबलावर पुठ्ठे चिकटवायचं काम. काका त्या दिवशी मशीन पुसून, पात्याला तेल लावून, मगच बाजूला झाले. भोंग्याने कापलेली पहिली थप्पी तिरकी गेली. काकांनी ती पाहिली आणि ते पुठ्ठ्याला खळ लावत राहिले.

कानाचं यंत्रही आलं. बोलणं त्याने थोडंफार सुधारलं. गाणं लावलं तर मात्र पत्र्यावर खडे ओतल्यासारखं वाटतं, असं काका म्हणाले आणि पुन्हा तो विषय काढला नाही. शनिवारी मशिनं बंद झाली की ते डबा उचलायचे आणि निघायचे. कुणी थांबा म्हटलं तर हसून कानाकडे बोट दाखवायचे. उरलेली तिघं गाणी लावायची, पण दोन गाण्यांत गुंडाळायची. मला कुणी खाली घेईना. कोंबडीवर धूळ बसली. हे असंच संपणार, अशी मी मनाची तयारी करून टाकली होती.

मला खाली घेतलं भोंग्याने. इतक्या वर्षांत ‘भारी आहे’च्या पुढे न गेलेल्या त्या माणसाने जेवणाच्या सुट्टीत कानाला फोन लावून सलग तीन दिवस लिहिलं. खोडलं, पुन्हा लिहिलं. नेमकी गुळगुळीत पानं आली होती, त्यामुळे त्याची बोटं निळी झाली आणि माझी कोंबडीही. त्याचं लिखाण आहे तसं सांगते.

‘काका, बासरी असलेलं शोधायला आठ दिवस गेले. आधी नुसता ढोल आहे. तुम्ही थप्पी टेबलावर ठोकून चारी बाजूंनी सरळ करायचात, तसा. घाई नाही. मग बासरी येते. पातळ कागदाच्या गठ्ठ्यावर फुंकर मारली की एकेक पान सुटतं ना, तशी. मग एक माणूस गातो. आवाज पुठ्ठ्यासारखा जाड आहे, पण कडा घासून मऊ केलेल्या. नंतर परत बासरी, आता एकटीच. शेवटी सगळं थांबतं आणि ढोल एकदाच वाजतो. पातं पडल्यासारखा. भारी आहे.’

त्याने मला काकांच्या टेबलावर, खळीच्या वाटीशेजारी ठेवलं आणि तोंड लपवायला जागा शोधल्यासारखा आपल्या मशीनकडे पळाला. काकांनी हात पुसले आणि वाचलं. मग दुसऱ्यांदा वाचलं. मग लाल पेन्सिल घेतली. ‘सुरुवातीला ढोल किती वेळा, ते मोजून लिही. बासरी येते तेव्हा ढोल चालू असतो की थांबतो? भारी आहे, हे खोडलंय. ते मी ठरवीन.’

भोंग्याने मान खाली घालून पुन्हा ऐकलं आणि मोजलं. सोळा. बासरी आली तेव्हा ढोल चालूच होता, हे त्याला तेव्हाच पहिल्यांदा कळलं. तीस वेळा ऐकलेल्या गाण्यात हे आपल्या कसं लक्षात आलं नाही, असं तो दिवसभर सगळ्यांना सांगत सुटला, आणि त्याचं सांगणं काकांनाही ऐकू आलं.

मग सगळेच कामाला लागले. ताईने एका गायिकेबद्दल लिहिलं की सुईत दोरा ओवताना आपण श्वास धरतो, तशी ती वरच्या सुराआधी थांबते. काकांनी शेजारी ‘कळलं’ असं लिहिलं. मालकीणबाईंनी पेन्सिल सोडून पेन घेतलं. त्यांचं पहिलं वर्णन काकांनी परत पाठवलं. ‘मधुर म्हणजे काय? मध ऐकू येत नाही.’ मालकीणबाई ऑफिसात जाऊन आणखी चारदा ऐकून आल्या. ताईने पहिल्या पानावर चौथा नियम लिहिला. काकांना ऐकू येईल असं लिहायचं.

आणि काका शनिवारी थांबू लागले. मी त्यांच्या मांडीवर असायचे. ताई समासात मिनिटं आणि सेकंद घालून द्यायची, समोर भिंतीवर घड्याळ. भोंग्याने बटण दाबून मान हलवली की काकांचं बोट माझ्या ओळींवरून चालू लागायचं. जिथे गाणं, तिथे बोट. सुरुवातीला बोट पुढे पळायचं नाहीतर मागे राहायचं. चार-पाच शनिवारांनंतर ते बरोबर जाऊ लागलं. गाण्याचा स्पर्श कसा असतो ते मला तेव्हा समजलं.

गेल्या शनिवारी भोंग्याचं ते बासरीचं गाणं पुन्हा लावायचं ठरलं. काकांनीच मागितलं होतं. सोळा ढोल झाले, बासरी आली, जाड आवाजाचा माणूस गाऊन गेला, बासरी एकटी सुरू झाली, आणि स्पीकर बंद पडला. लाल दिवा विझला. भोंग्याने हात पुढे केला, आणि तो हात तसाच राहिला, कारण काकांचं बोट चालत होतं.

ते बासरीच्या ओळींवरून सावकाश जात होतं, मधे काका घड्याळाकडे नजर टाकत होते. भोंगा गप्प होता, म्हणजे विचार करा. मालकीणबाई वायर आणायला उठल्या नाहीत. तिघं काकांच्या बोटाकडे बघत बसली होती. बोट शेवटच्या ओळीला आलं, थांबलं, आणि काकांनी माझ्यावर एकदाच ठोकलं. पातं पडल्यासारखं.

मग त्यांनी वर पाहिलं. सगळ्यांचे चेहरे पाहिले, स्पीकरचा विझलेला दिवा पाहिला. मागच्या वेळेचं त्यांना आठवलं असणार, कारण त्यांचा चेहरा क्षणभर उतरला. “कधी बंद पडला?” त्यांनी विचारलं.

“मधेच, काका. दोन मिनिटं झाली,” भोंगा म्हणाला.

“मग सांगितलं का नाही?”

ताई त्यांच्या समोर येऊन, ओठ दिसतील अशी उभी राहिली. “बासरी चालू होती ना,” ती म्हणाली.

तर अशी मी. कोंबडी निळी, कणा सैल, समासात लाल पेन्सिल, आणि तीन पानं शिल्लक. ती भरली की ताई माझी शिलाई उसवून नवे गठ्ठे घालणार आहे. पुठ्ठा हाच ठेवायचा असं काकांनी बजावलंय, कडा पुन्हा कापायला मात्र भोंगा असणार, याची मला धास्ती आहे. तुम्हीसुद्धा हल्ली काहीतरी नवीन ऐकत असाल. कुणालातरी ते सांगा. नुसतं नाव पाठवून मोकळे होऊ नका. ढोल किती वेळा वाजला ते मोजा, बाई कुठे हसली ते लिहा. तुमच्या गाण्याची वाट बघणारा माणूस कुठल्या खिडकीजवळ पुठ्ठे चिकटवत बसला आहे, हे तुम्हाला कुठे माहीत असतं?

काकांनी कानाचं यंत्र आल्यापासून माझ्यात स्वतःचं गाणं लिहिलं नव्हतं. नियम क्रमांक एक आडवा यायचा, नवीन ऐकलेलं हवं. ह्या सोमवारी ते सगळ्यांच्या आधी आले. मला खिळ्यावरून काढलं आणि पेन टेकवलं. ठिपका पडला नाही, ते थांबलेच नाहीत. त्यांनी लिहिलं ते सांगते आणि तुमचा निरोप घेते.

‘ह्या आठवड्यात नवीन ऐकलं. शनिवारी, स्पीकर बंद असताना. सापडलं भोंग्यामुळे. बासरी फार गोड. भारी आहे.’